नापास पुस्तक

त्यांच्या खिशात कायम एकच पेन्सिल असायची, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. लाल म्हणजे नापास, निळं म्हणजे पास. तोफांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. तयार होऊन आलेला नग हातात घ्यायचा, मापायचा, खूण करायची. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पेन्सिल सुटली नाही. लाल टोक झिजत झिजत मधल्या सोनेरी अक्षरांपर्यंत आलेलं असे. निळं टोक दुकानातून आणलं तसंच बोथट. काकू म्हणायच्या, "ह्यांची पेन्सिल एकाच बाजूने म्हातारी होते."

ते आमचे जबलपूरचे घरमालक. आम्ही त्यांना काका म्हणत असू. गेल्या पौषात, नव्वदी ओलांडून, ते गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल काही लिहावं म्हणून बसते आणि चार ओळी लिहून थांबते. लिहिलेलं वाचलं की ते कुठे लाल खूण करतील ते आधीच दिसतं.

बाजारात त्यांच्यासोबत जाणं ही शिक्षाच होती. लौकी, म्हणजे दुधी, घ्यायची तर ते ती उन्हात धरून फिरवत, देठाशी नख लावत, आणि नापास झाली की सालीवर लाल फुली मारून परत ठेवत. भाजीवाली ओरडायची, "दादाजी, अब इसे कौन लेगा?" काकांचं उत्तर ठरलेलं, "जो देखकर लेगा, वो तो वैसे भी नहीं लेता."

नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिवा सोडायला गेलो की फुलवाल्याकडून पानाचा दोना घेण्याआधी ते त्याच्याच बादलीत तो तरंगवून बघायचे. पूर्ण एक मिनिट, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. एकदा फुलवाला वैतागून म्हणाला, "दादाजी, नर्मदा मैया टेस्ट नहीं लेतीं." काका म्हणाले, "मैया नहीं लेतीं, इसीलिए मुझे लेनी पड़ती है." त्या दिवशी चार दोने कलंडले. पाचवा घेतला. तो पार पलीकडच्या नावेपर्यंत गेला, आणि ते दिसेनासा होईपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले, जसा कोणी आपला नग वापरात गेलेला बघतो.

माझे बाबा सिहोऱ्याला शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर आई आणि मी जबलपूरला आलो, मला टायपिस्टची नोकरी लागली होती म्हणून. राइट टाउनमधल्या काकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या बघायला गेलो. काकांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ आणि सांग, यात वाईट काय आहे."

मी बुजरी. दोन मिनिटांत बाहेर येऊन म्हटलं, "चांगल्या आहेत."

"नापास. परत बघ."

मला वाटलं खोल्या नापास. मग कळलं, मी. दुसऱ्यांदा गेले तेव्हा खिडकीची कडी बसत नाही हे दिसलं, आणि मोरीचा उतार दाराकडे आहे हेही. बाहेर येऊन घाबरत सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "आता राहा," ते म्हणाले. "मोरी मी उद्याच उकरतो. मला माहीत होतं. पण राहणाऱ्याला दिसलं पाहिजे."

त्या खोल्यांत आल्यावर दुसऱ्या वर्षी आईची उजवी बाजू गेली. सकाळी ऑफिसला जाताना मी आईला काकूंवर सोपवत असे. दुपारी मालिशवाली यायची, ती राहायची पलीकडच्याच गल्लीत. डॉक्टर कोपऱ्यावर. आई जगत होती ती या शे-दोनशे पावलांच्या आत.

अशात ऑफिसमध्ये संगणक आला. काचेची खोली, थंड हवा, दाराशी चपलांची रांग. आम्ही सात टायपिस्ट बाहेर बसून आत बघायचो. मग एक दिवस परिपत्रक आलं: बेसिक नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिण्याची खात्याची परीक्षा होईल, पहिले दोघं इथेच नव्या विभागात राहतील, बाकीच्यांना शहडोलच्या कचेरीत जावं लागेल. मुदत दोन महिन्यांची. परीक्षेआधी मशीनवर बसायला प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास. शिकवणारं कोणी नाही. 'उमेदवारांनी योग्य त्या पुस्तकाचा आधार घ्यावा,' एवढं एक वाक्य.

संध्याकाळी मी ओट्यावर ते परिपत्रक घेऊन बसले होते. काकांनी हातातून घेतलं, दोनदा वाचलं, आणि शेवटच्या वाक्यातल्या 'योग्य त्या' या शब्दांखाली लाल रेघ ओढली.

"कोणतं योग्य, ते लिहिलंच नाही," ते म्हणाले. "चलो. ते आपण ठरवू."

त्यांनी आयुष्यात संगणक पाहिलेला नव्हता. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "मी तोफ तरी कुठे चालवली बेटा? पण माझ्या हातून पास न होता एक नग बाहेर गेला नाही."

त्यांचा नियम कारखान्यातला होता. तिथे कामगाराच्या हातात ड्रॉइंग येई, आणि ड्रॉइंग असं हवं की ज्याने तो नग कधी पाहिला नाही त्यालाही कोणाला काही न विचारता तो घडवता आला पाहिजे. पहिला नग असा घडवून बघत, मगच पुढचे. "नवशिक्याचं पुस्तक म्हणजे ड्रॉइंग," ते म्हणाले. "तू पहिल्या पानापासून वाच. त्यात लिहिलंय तेवढंच कर. बाहेरचं एक अक्षर वापरायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. जिथे अडलीस, तिथे पुस्तक नापास. तू नाही. लक्षात ठेव, तू नाही."

पुस्तकं मिळायची ती आमच्या रस्त्यावरच्याच एका दुकानात. तिथला भैया काकांना पुस्तक दोन दिवस घरी नेऊ द्यायचा, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, पान न दुमडण्याच्या बोलीवर. कारण काकांनी पूर्वी एकदा त्याच्या दुकानातली शिडी नापास केली होती. तो हसला होता. महिन्याभरात तिची तिसरी पायरी तुटली, आणि तो स्वतःच वर होता. तेव्हापासून तो काकांना कशालाच नाही म्हणत नसे. फक्त एवढंच म्हणायचा, "देख लीजिए दादाजी, पर किताब है, बैंगन नहीं है."

पहिलं पुस्तक चांगलं जाड, इंग्रजी. मी ओट्यावर टेबलाशी बसून वाचायची, काका समोर खुर्चीत. मण्यांच्या पाटीपासून सुरू झालेला गणकयंत्रांचा इतिहास संपेना. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "किती पानं झाली?"

"सत्तर."

"हात लावू दिला का कशाला?"

"अजून नाही."

"नापास."

दुसरं हिंदी. ते नवव्या पानावर गेलं. तिथे एक वाक्य होतं, 'जैसा कि आप जानते हैं.' मी मोठ्याने वाचलं. काकांनी हात वर केला.

"तू जाणतेस?"

"नाही."

"मग हा कोणाशी बोलून राहिला?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, ती बोलायची पद्धत असते. तुम्हीही मला रोज म्हणता, 'तुला तर माहीतच आहे.'"

"आणि तुला माहीत असतं?"

"कधीच नाही," काकू म्हणाल्या. पुस्तक नापास झालं.

तिसरं प्रश्नोत्तरांचं गाइड होतं. ऑफिसमधल्या बाकी सहाही जणांनी तेच घेतलं होतं. त्यात पाठ करायला चाळीस प्रोग्राम तयार दिलेले. काकांनी ते पाच मिनिटं चाळलं आणि म्हणाले, "यात घडवलेले नग आहेत. घडवायचं कसं ते नाही. एक्केचाळिसावा नग मागितला तर हे सगळे काय करतील?"

चौथं एक पातळ इंग्रजी पुस्तक, शाळकरी मुलांसाठीचं. कव्हरवर चष्मा लावलेला हत्ती. मला ते ऑफिसमध्ये नेण्याचीसुद्धा लाज वाटली असती. पण ते चाललं. संगणकाला काय सांगायचं, तो काय करतो, सगळं छोट्या वाक्यांत, आणि कुठेही 'तुम्हाला माहीतच आहे' नाही. चौदाव्या पानापर्यंत मी एकदाही अडले नाही. काकांनी पेन्सिल फिरवून निळं टोक पुढे केलेलं मी पाहिलं.

पंधराव्या पानावर पहिला प्रोग्राम होता. तीन ओळींचा. प्रत्येक ओळीआधी आकडा: दहा, वीस, तीस.

"दहा, वीस, तीस काहून?" काका म्हणाले. "एक, दोन, तीन काहून नाही?"

मी पान उलटलं. पुढच्या प्रोग्रामलाही दहा, वीस, तीस. शेवटपर्यंत चाळलं. कुठेच कारण दिलेलं नव्हतं.

"काका, असेल काहीतरी रीत. आपण पुढे जाऊ."

"रीत असेल तर तिला कारण असेल. कारण नाही लिहिलं, म्हणजे माणूस नुसती नक्कल करून राहिला." त्यांनी पेन्सिल पुन्हा फिरवली आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लाल फुली मारली. मग त्यांना आठवलं की पुस्तक दुकानाचं आहे. ते विकत घ्यावं लागलं. अशा तऱ्हेने आमच्याकडे जे एकमेव पुस्तक आलं, ते नापास झालेलं.

त्यानंतर अकरा दिवस आम्ही त्या दहा-वीस-तीसवर अडून बसलो. काका इतर पुस्तकांत कारण शोधत. आणलेली पुस्तकं परत जात. ऑफिसात बाकीचे सहा जण जेवणाच्या सुट्टीत प्रोग्राम घोकत असायचे, परवच्यासारखे, आणि मी पंधराव्या पानावर होते. पाच आठवडे उरले. अकराव्या दिवशी मी जे बोलले ते आधी कधी कोणाशी बोलले नव्हते.

"काका, परीक्षा माझी आहे. शहडोलला मला जावं लागेल, तुम्हाला नाही. तुम्हाला पुस्तक पास करायचंय, मला आईला इथे ठेवायचंय."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि आत गेले. मी आईजवळ जाऊन बसले. आईने डावा हात माझ्या हातावर ठेवला. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी गाइड विकत आणायचं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच काकूंच्या स्वयंपाकघरातून आवाज आला. डबे पडल्याचा. मी धावत गेले. काका फडताळासमोर उभे होते आणि एकेक डबा उचलून खाली ठेवत होते. हळद, धणे, तिखट. काकू कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "अहो, डोकं फिरलं काय तुमचं?"

फडताळात डब्यांखाली काकूंनी कागद अंथरले होते. कारखान्यातून पूर्वी रद्दी म्हणून आणलेले, पाठकोरे. छापील बाजूला कुठल्यातरी नगाच्या कामांचा क्रम होता: कापणे, घासणे, भोक पाडणे. आणि प्रत्येक कामाआधी आकडा. दहा. वीस. तीस.

"बघ," काका म्हणाले. त्यांनी तेलकट कागद माझ्यापुढे धरला. "बघ बेटा. तीस वर्षं मी हे कागद वाचले. मध्ये जागा सोडतात! नग घडवायला घेतल्यावर कळतं की कापल्यावर आणि घासायच्या आधी एक काम राहिलंय. मग ते पंधरा म्हणून मध्ये घालायचं. सगळे कागद नव्याने लिहावे लागत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मी अकरा दिवस पुस्तकांना विचारून राहिलो. मला विचारायचं सोडून."

काकू म्हणाल्या, "चहाचा डबा तेवढा वर ठेवा."

त्या दिवशी नियम बदलला. त्यांच्या तोंडून नियम बदलल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं. ते म्हणाले, कारखान्यातही पूर्ण ड्रॉइंग त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चांगला कामगार समासात शिसपेन्सिलीने लिहून ठेवायचा, की इथे हे सांगायचं राहिलं. दुसऱ्याच्या हाती गेल्यावर तो कागद आधीपेक्षा बरा असायचा. "तर आता शोधाशोध बंद. हेच पुस्तक. जिथे अडशील, तिथे कारण आपण मिळवू आणि तू समासात लिही. स्वतःच्या शब्दांत. मराठीत."

पंधराव्या पानाच्या समासात मी लिहिलं: 'मध्ये जागा हवी म्हणून. नंतर काय आठवेल ते आधी माहीत नसतं.'

मशीन आठवड्याला अर्धाच तास मिळायचं, म्हणून उरलेल्या वेळी काका मशीन झाले. मी चिठ्ठीवर प्रोग्राम लिहून द्यायचा, त्यांनी पाटीवर तो चालवायचा, लिहिलंय तेवढाच. मनाने काही भरायचं नाही. या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस जबलपुरात नसावा. एकदा मी प्रोग्रामात नाव विचारून उत्तरासाठी थांबायची ओळ घातली आणि तेवढ्यात आईचं औषध आठवून उठून गेले. तासाभराने आले तर काका पाटीवर प्रश्नचिन्ह काढून तसेच बसलेले. काकू दारात.

"अगं, जेवायला चला म्हणून तीनदा सांगितलं यांना. हलून नाही राहिले."

काकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मशीन थांबली आहे. उत्तर आलं नाही."

आणखी एकदा माझ्या प्रोग्रामची शेवटची ओळ पुन्हा पहिलीकडे जात होती. ते माझं नाव पाटीवर लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. मला वाटलं पाच-सहा वेळा लिहून थांबतील. माझ्या लक्षात येईना की त्यांना थांबवायला मी काहीच लिहिलेलं नाही. शेवटी काकूंनी खडू काढून घेतला. "बिजली गेली म्हणून समजा," त्या म्हणाल्या. काका हसले, आणि मी समासात लिहिलं: 'थांबायचं कधी, ते आपणच सांगायचं असतं.'

परीक्षेच्या दिवसापर्यंत समासात एक्केचाळीस टिपा झाल्या होत्या.

काचेच्या खोलीत एकेकाला आत घेत होते. चपला काढून मी थंड फरशीवर पाय ठेवला. कर्मचाऱ्यांच्या शिल्लक रजेची यादी करायची होती. गाइडमधल्या चाळिसांत हा प्रोग्राम नव्हता. माझ्या आधीचे तिघं बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडांवरून ते कळलंच होतं. मी लिहिला, चालवला. यादी आली, पण प्रत्येकाची रजा आधीच्याच्या रजेत मिळून वाढत गेली. दहा मिनिटं उरली होती. समोर बसलेले परीक्षक घड्याळाकडे बघत होते.

मग मी काकांना पाटी देऊन बसवलं. मनातल्या मनात. एकेक ओळ त्यांना वाचून दाखवली. तिसऱ्या ओळीनंतर ते थांबले. दुसऱ्या माणसाकडे जाताना पहिल्याची बेरीज पुसायला मी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं नाही, म्हणून त्यांनी पुसली नाही. तीस आणि चाळीसच्या मध्ये जागा होती. मी पस्तीस लिहिलं.

निकाल आठवड्याने लागला. दोघांत मी दुसरी. घरी आले तेव्हा काका ओट्यावर होते. पास का, असं त्यांनी विचारलं नाही. ते माझ्या चालण्यावरून दिसलं असावं. विचारलं, "मध्ये ओळ घालावी लागली?"

"एक."

"नंबर?"

"पस्तीस."

त्यांनी मान हलवली. मी पुस्तक पुढे धरलं. "काका, आता तरी त्यावर निळी खूण करा."

"काहून? तू पास झालीस. पुस्तक कुठे झालं?"

मी पुस्तक तसंच पुढे धरून ठेवलं. त्यांनी पुस्तक घेतलं, खिशातून पेन्सिल काढली, काकूंकडून सुरी मागवली आणि ओट्याच्या कडेला बसून निळं टोक तासलं. मी ते पहिल्यांदाच टोकदार पाहत होते. मग पहिल्या पानावरची लाल फुली तशीच ठेवून त्यांनी एकेक पान उलटलं, आणि समासातल्या माझ्या प्रत्येक टिपेसमोर एक निळी खूण केली. एक्केचाळीस. चहा निवून गेला. आत आई काकूंना डाव्या हाताने खूण करून विचारत होती, काय झालं, आणि काकू मोठ्याने सांगत होत्या, "इथेच! इथेच राहायचं आहे!"

त्या दोन खोल्यांत आई आणखी अकरा वर्षं जगली. काकू तिच्यानंतर गेल्या. मी निवृत्त झाले तरी त्याच खोल्यांत आहे.

काकांची नात, वरच्या मजल्यावर राहते ती, कॉलेजात आहे. परवा ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. मराठी तिला कळतं, बोलताना हिंदी मध्ये येतं. "आत्या, मला ना पायथन शिकायचं आहे. सेमिस्टर में प्रोजेक्ट है, नहीं हुआ तो पूरा साल बैठना पड़ेगा. बुक कोणती घेऊ? सबके रिव्ह्यू बढ़िया हैं, कुछ समझ नहीं आ रहा."

तिने एक आणलेलंही होतं. मी म्हटलं, "बस समोर. पहिलं पान उघड. त्यात लिहिलंय तेवढंच कर."

"और आप क्या करोगी?"

"मी बसेन."

सहाव्या पानावर ती थांबली. मागे गेली, पुढे गेली. "ये तो इसने बताया ही नहीं," ती चिडून म्हणाली. "दूसरी ले लूँ?"

मी तिच्यासमोर शिसपेन्सिल ठेवली. "कारण शोध आणि समासात लिही. त्याने नाही सांगितलं, ते तू सांग."

"पण मुझे ही नहीं पता, आत्या!"

"अजून नाही."

ती पुस्तकावर वाकली. बराच वेळ गेला. वरून तिच्या आईने हाक मारली, "चाय ठंडी हो रही है, दोनों आ जाओ!" तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, सुटका होते का म्हणून.

मी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि जिन्याच्या दिशेने सांगितलं, "मशीन थांबली आहे. उत्तर आलं नाही."